अत्यल्प व्होल्टेजची धन-ऋण बाजू ओळखणे: घरी बांधता येईल असा निर्देशक

बॅटरीची धन बाजू कोणती आणि ऋण बाजू कोणती, हा प्रश्न फार काळ टिकत नाही, कारण मल्टिमीटर लावला की उत्तर मिळते. व्होल्टेज जेव्हा पन्नास-शंभर मायक्रोव्होल्ट इतकेच असते, म्हणजे एका व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, तेव्हा मात्र नेहमीची साधने उत्तर देत नाहीत. असे प्रश्न मराठवाड्यात रोजच्या कामात येतात. जालन्यातील रोलिंग मिलच्या भट्टीवरचे थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी) उलटे जोडले गेले आहे का, किंवा परभणीकडच्या एखाद्या शेतघरात रात्री सौर बॅटरीतून थोडा करंट पॅनेलकडे परत वाहतो आहे का, हे ठरवताना आकडा किती हे दुय्यम असते आणि चिन्ह कोणते यावर सारा निर्णय अवलंबून असतो. आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, इलेक्ट्रिशियन आणि विज्ञानाचे शिक्षक यांना बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून असा निर्देशक बांधता यावा, यासाठी हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. लहान व्होल्टेज हजारपट मोठे करणे आज अगदी सोपे झाले आहे. एक आयसी आणि दोन रेझिस्टर एवढ्यात ते होते. खरी कसोटी असते ती शून्याची. आत काहीही येत नसताना आपला संच खरोखर शून्य दाखवतो का, हे सिद्ध केल्याशिवाय पेटलेल्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. म्हणून या लेखात जोडणीइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

नेहमीची साधने कुठे थांबतात

साध्या साडेतीन अंकी डिजिटल मल्टिमीटरची सर्वांत लहान डीसी रेंज २०० मिलिव्होल्टची असते आणि तिचा शेवटचा अंक ०.१ मिलिव्होल्टचा, म्हणजे १०० मायक्रोव्होल्टचा असतो. त्याखालचे काहीही दिसत नाही; उणे चिन्ह कधी येते, कधी जाते आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मीटर ब्रिजसाठी वापरला जाणारा, मध्यभागी शून्य असलेला गॅल्व्हानोमीटर पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण बाजू, उत्तम दाखवतो, पण त्याचा काटा एक घर सरकायला साधारण वीस-तीस मायक्रोअँपिअर करंट लागतो आणि कॉइलचा रोध पन्नास-शंभर ओहम असतो. म्हणजे एका घरासाठी एक-दोन मिलिव्होल्ट हवेत.

यावर उपाय म्हणून अनेक जण हाताशी असलेला ७४१ किंवा एलएम-३५८ हा ऑप-अँप, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा आयसी, घेतात आणि तिथेच फसतात. प्रत्येक ऑप-अँपला स्वतःचा एक अंगभूत दोष असतो: दोन्ही इनपुट एकत्र जोडले तरी आत थोडे व्होल्टेज असल्यासारखा तो वागतो. यालाच ऑफसेट म्हणतात. एलएम-३५८ मध्ये तो ७ मिलिव्होल्टपर्यंत आणि ७४१ मध्ये ६ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. आपल्याला ओळखायचे आहेत ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्या ऑफसेटच्या शंभराव्या भागाहूनही कमी. अशा वेळी दिवा पेटतो तो आयसीच्या दोषामुळे, आणि आपण समजतो की मोजणी झाली.

ओपी-०७ हा ऑप-अँप याच कारणासाठी निवडला आहे. त्याचा ऑफसेट सर्वसाधारण प्रतीतही १५० मायक्रोव्होल्टच्या आत असतो, तो प्रीसेटने (स्क्रूने फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरने) जवळजवळ शून्यावर आणता येतो, आणि तापमान एक अंशाने बदलले तर तो साधारण अर्धा-एक मायक्रोव्होल्टच सरकतो. याहून अचूक असे चॉपर प्रकारचे ऑप-अँप मिळतात आणि त्यांचा ऑफसेट काही मायक्रोव्होल्टच असतो, पण ते जिल्ह्याच्या दुकानात सहसा ठेवलेले नसतात आणि या कामाला त्यांची गरजही नाही.

भाग आणि जोडणी

ओपी-०७ एक, एलएम-३९३ हा दुहेरी कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी) एक, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या दोन, एक हिरवी आणि एक लाल एलईडी, २० किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट, १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर, '१०४' छापाचे (०.१ मायक्रोफॅरडचे) दोन सिरॅमिक कपॅसिटर, १एन४१४८ प्रकारचे दोन डायोड, दोन पोलचा स्विच आणि पाव वॅटचे मेटल फिल्म रेझिस्टर एवढे साहित्य लागते. ब्रेडबोर्डवर हा संच चालतो, पण त्याच्या स्प्रिंगमधील संपर्क मायक्रोव्होल्टच्या पातळीवर भरवशाचे नसतात. म्हणून झिरो पीसीबीवर सोल्डर करणेच योग्य.

दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडाव्यात आणि मधला बिंदू शून्य, म्हणजे ग्राउंड मानावा. त्यामुळे एका बाजूला +९ आणि दुसऱ्या बाजूला −९ व्होल्ट मिळतात. स्विच दोन पोलचा असावा, कारण एकच बॅटरी बंद राहिली तर आउटपुट एका टोकाला जाऊन बसतो आणि एक दिवा विनाकारण पेटलेला राहतो. ओपी-०७ च्या पिन ७ ला +९ आणि पिन ४ ला −९ द्यावेत, आणि या दोन्ही पिनांच्या अगदी जवळून ग्राउंडकडे एकेक '१०४' कपॅसिटर जोडावा.

लाल प्रोबची तार १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पिन ३ ला जोडावी. काळा प्रोब थेट ग्राउंडला. पिन ३ आणि ग्राउंड यांच्यामध्ये दोन १एन४१४८ डायोड परस्परविरुद्ध दिशेने लावावेत, म्हणजे चुकून १२ व्होल्टवर प्रोब टेकला तरी आयसी वाचेल. दोन्ही प्रोबच्या मध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर ठेवावा. पिन ६ हा आउटपुट आहे. तेथून पिन २ पर्यंत १०० किलोओहम, आणि पिन २ पासून ग्राउंडपर्यंत १०० ओहम लावले की वर्धन १००१ होते. मनातल्या हिशेबासाठी ते हजार धरावे. यामुळे आतला प्रत्येक मायक्रोव्होल्ट बाहेर एक मिलिव्होल्ट होऊन येतो, आणि तो साध्या मल्टिमीटरवरही वाचता येतो. १०० किलोओहमच्या समांतर तो १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. घरातील वायरिंगमधून शिरणारी ५० हर्ट्झची कुरकुर त्यामुळे सुमारे तीस पटींनी दबते. हा कपॅसिटर पॉलिस्टरचाच हवा. इथे व्होल्टेज दोन्ही दिशांना जाणार असल्याने इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही. प्रीसेटची दोन टोके पिन १ आणि पिन ८ ला जोडून त्याचा मधला पाय +९ ला द्यावा; मात्र तो पुढे 'शून्य लावणे' मध्ये दिलेल्या पहिल्या तपासणीनंतरच बसवावा. ७४१ च्या आकृतीवरून नक्कल करणाऱ्यांनी इथे विशेष जपावे: त्यात प्रीसेट पिन १ आणि ५ वर असतो आणि मधला पाय ऋण बाजूला जातो.

आता दिवे. एलएम-३९३ च्या पिन ८ ला +९ आणि पिन ४ ला −९ द्यावेत. ३३ किलोओहम आणि १०० ओहम हे +९ आणि ग्राउंड यांच्यामध्ये सिरीजमध्ये लावले की त्यांच्या जोडावर साधारण २७ मिलिव्होल्ट मिळतात. १०० ओहम ग्राउंडच्या बाजूला असावा. तशीच दुसरी जोडी −९ कडून लावावी, म्हणजे −२७ मिलिव्होल्ट मिळतील. ओपी-०७ चा आउटपुट पिन २ आणि पिन ५ या दोहोंना द्यावा. +२७ चा बिंदू पिन ३ ला आणि −२७ चा बिंदू पिन ६ ला. हिरव्या एलईडीचा ऋण पाय पिन १ ला, लाल एलईडीचा पिन ७ ला, आणि दोघींचे धन पाय प्रत्येकी ४.७ किलोओहममधून +९ ला जोडावेत.

अशा जोडणीमुळे लाल प्रोब सुमारे २७ मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक धन असेल तर हिरवा दिवा पेटतो, तितकाच ऋण असेल तर लाल पेटतो, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही विझलेले राहतात. हा मधला अंधारा पट्टा मुद्दाम ठेवला आहे. 'माहीत नाही' असे उत्तर देण्याची सोय ज्या निर्देशकात नसते, तो काहीतरी उत्तर देतोच, आणि लहान व्होल्टेजच्या बाबतीत ते उत्तर निम्म्या वेळा चुकीचे असते. बॅटरी उतरू लागली की हा पट्टा थोडा अरुंद होतो, त्याने बिघडत काही नाही.

शून्य लावणे

प्रीसेट बसवण्यापूर्वी एक तपासणी करून घ्यावी. दोन्ही प्रोब तांब्याच्या उघड्या तारेने एकत्र बांधून पिन ६ वरचे व्होल्टेज पाहावे. खरा ओपी-०७ असेल तर ते २०० मिलिव्होल्टच्या आत राहते. एक-दोन व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले, आणि जोडणी बरोबर असेल, तर आयसीवर नाव ओपी-०७ चे असले तरी आत दुसरेच काही आहे असे समजावे. स्वस्तातल्या आयसींवर खोटी नावे छापलेली असतात, तेव्हा ही तपासणी टाळू नये.

नंतर प्रीसेट लावून संच पाच-दहा मिनिटे चालू ठेवावा, पंखा बंद करावा आणि पीसीबीवर एखादे झाकण ठेवावे. झाकणाची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे वाऱ्याने आयसीच्या पिना असमान तापतात किंवा थंड होतात. पिनांचा मिश्रधातू आणि तांबे यांच्या जोडावर, मिश्रधातूनुसार, अंशाला ३५ ते ४० मायक्रोव्होल्टपर्यंत निर्माण होऊ शकतात. दुसरे म्हणजे १एन४१४८ काचेचा असतो आणि त्यावर उजेड पडला की तोही किंचित करंट देतो. उन्हात, खिडकीशेजारी हा संच उघडा ठेवून शून्य लावले तर ढग आला की शून्य हलते. प्रोब बांधलेलेच ठेवून मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर पिन ६ ला लावावा आणि प्रीसेट सावकाश फिरवत आकडा दोन मिलिव्होल्टच्या आत आणावा. म्हणजे आपले शून्य दोन मायक्रोव्होल्टच्या आत आले.

प्रोब मोकळे असताना मात्र दिव्यांकडे पाहून काही ठरवू नये. ओपी-०७ च्या इनपुटमध्ये काही नॅनोअँपिअर करंट वाहतो आणि तो १० किलोओहममधून जाताना स्वतःच दहा-वीस मायक्रोव्होल्ट, क्वचित त्याहून जास्त, उत्पन्न करतो. शून्य म्हणजे प्रोब एकमेकांना जोडलेले असतानाचे शून्य.

यानंतर ज्ञात व्होल्टेज देऊन परीक्षा घ्यावी. दीड व्होल्टचा सेल, १०० किलोओहम आणि १० ओहम सिरीजमध्ये जोडले तर १० ओहमच्या दोन टोकांवर १५० मायक्रोव्होल्ट मिळतात; सेलच्या धन बाजूकडील टोकाला लाल प्रोब लावला की हिरवा दिवा स्वच्छ पेटला पाहिजे. १०० च्या जागी ३३० किलोओहम घेतले की ४५ मायक्रोव्होल्ट होतात आणि तरीही हिरवाच पेटला पाहिजे. १ मेगाओहम घेतले तर १५ मायक्रोव्होल्टच उरतात आणि दोन्ही दिवे विझले पाहिजेत. या तिन्ही परीक्षा प्रोब उलटे करूनही घ्याव्यात.

उलट जोडणीची परीक्षा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. मोजणी घेतल्यावर संचाला हात न लावता, मोजायच्या टोकांवर फक्त प्रोबची अदलाबदल करावी. खरे व्होल्टेज असेल तर दिवा बदलतो. दिवा तोच राहिला तर जे दिसले ते संचाचे होते, वस्तूचे नव्हे.

दोन्ही वेळा पिन ६ वरचा आकडा लिहून घेतला तर आणखी एक फायदा होतो. समजा पहिल्यांदा +८३ आणि उलट केल्यावर −६१ मिलिव्होल्ट आले. दोहोंच्या फरकाचा निम्मा भाग, म्हणजे ७२ मायक्रोव्होल्ट, हे खरे व्होल्टेज. आणि बेरजेचा निम्मा भाग, म्हणजे ११ मायक्रोव्होल्ट, हा संचाचा दोष. पहिल्यांदा +८३ आणि नंतर +३१ आले तर दोन्ही वेळा हिरवाच दिवा पेटेल, पण हिशेबाने खरे व्होल्टेज २६ मायक्रोव्होल्ट आणि दोष ५७ मायक्रोव्होल्ट निघेल. दिव्यांनी गोंधळात टाकले तरी अदलाबदलीने चिन्ह हाती लागते. मात्र दोष इतका वाढला असेल तर शून्य पुन्हा लावावे.

याचा सराव करायला सर्वांत सोयीचा प्रयोग दोन तारांचा आहे. घराच्या स्लॅबला वापरतात ती लोखंडी बाइंडिंग तार आणि वायरमधली तांब्याची तार पॉलिश पेपरने घासून, एका टोकाला घट्ट पीळ द्यावा. लोखंडाचे मोकळे टोक लाल प्रोबला आणि तांब्याचे काळ्याला बांधावे. ही दोन मोकळी टोके एकमेकांजवळ, सावलीत ठेवावीत. आता पीळ दिलेला जोड बोटांच्या चिमटीत धरावा. थॉमस योहान झेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवलेला हा परिणाम आहे: दोन धातूंच्या जोडांमध्ये तापमानाचा फरक असला की व्होल्टेज तयार होते. लोखंड-तांब्याच्या जोडीत ते अंशाला साधारण १२ मायक्रोव्होल्ट असते, आणि धरलेला जोड उष्ण असेल तर लोखंडाची बाजू धन होते. जानेवारीच्या सकाळी परभणीत खोलीचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास असताना बोटांच्या उबेने हिरवा दिवा लगेच पेटतो.

मे महिन्याच्या दुपारी हाच प्रयोग पत्र्याच्या शेडमध्ये करून पाहावा. शेडमध्ये एक्केचाळीस-बेचाळीस अंश असतील तर बोटे हवेपेक्षा थंड असतात, आणि तीच चिमटी लाल दिवा पेटवते. संध्याकाळी हवा बोटांइतकीच उष्ण असते तेव्हा दोन्ही दिवे विझलेले राहतात. चिन्ह कशाचे असते, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी यापेक्षा चांगला प्रयोग माझ्या माहितीत नाही, आणि तो आपल्या हवेतच होतो.

या प्रयोगातून प्रोबविषयीचा धडाही मिळतो. बोटांनी लाल प्रोबचा जोड धरला तर उत्तर उलटे होते, म्हणजे प्रोबचा धातूही मोजणीत सहभागी असतो. म्हणून दोन्ही प्रोब शुद्ध तांब्याचे आणि एकाच तारेचे असावेत. मुलामा दिलेल्या लोखंडी क्रोकोडाइल क्लिपा टाळाव्यात, आणि तांबे काळे पडले असेल तर प्रत्येक वेळी घासावे, कारण तांबे आणि त्याचा ऑक्साइड यांच्या जोडावर अंशाला हजार मायक्रोव्होल्टपर्यंत मजल जाऊ शकते.

बॅटरीची केबल न तोडता करंटची दिशा

छोट्या सौर संचात बॅटरी चार्ज होते आहे की रिकामी होते आहे, हे केबलवरूनच कळते. १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला सुमारे १.७ मिलिओहम असतो. अर्ध्या मीटरवर ०.१ अँपिअर करंटही जवळजवळ ८६ मायक्रोव्होल्ट सोडतो, आणि ते आपल्या पट्ट्याच्या बरेच बाहेर आहेत.

दोन्ही प्रोब एकाच धन केबलच्या दोन टोकांच्या लगवर (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर), तांब्याच्या स्वच्छ भागावर टेकवावेत. लाल प्रोब चार्ज कंट्रोलरच्या बाजूला आणि काळा बॅटरीच्या बाजूला. करंट केबलमध्ये ज्या टोकाने शिरतो ते टोक धन असते. म्हणून हिरवा दिवा म्हणजे बॅटरीकडे करंट जातो आहे, आणि लाल म्हणजे बॅटरीतून बाहेर येतो आहे. रात्री सगळे लोड बंद करून लाल दिवा पेटला तर पॅनेलची धन तार कंट्रोलरवरून सोडवावी. दिवा विझला तर करंट पॅनेलकडे परत जात होता. विझला नाही तर तो कंट्रोलरच्या स्वतःच्या वापराचा किंवा नजरेतून सुटलेल्या एखाद्या लोडचा आहे.

एक प्रोब धन केबलवर आणि दुसरा ऋण केबलवर, असे कधीही करू नये. हा संच १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीपुरताच वापरावा. सौर कृषी पंपाच्या पॅनेल-साखळीत शेकडो व्होल्ट डीसी असतात, आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही मेनचा संबंध असू शकतो. तिथे हे हाती घेऊन जाऊ नये.

जमिनीत गाडलेल्या सळ्यांमधले व्होल्टेज मोजायलाही हा संच कामाचा नाही. तिथे स्रोताचा रोध मोठा असतो आणि आपला १० किलोओहम त्याला खाली ओढतो.

थर्मोकपल आणि त्याची केबल

भट्टीवरच्या के-टाइप थर्मोकपलमध्ये अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात, त्यामुळे जोड एक-दोन अंशांनी तापला तरी निर्देशकाला पुरते. थर्मोकपल सुटे करून, टोक कोमट पाण्यात धरून हिरवा दिवा लागेल अशी जोडणी शोधावी. तेव्हा लाल प्रोबची तार धन असते. रंगांवर विसंबू नये. अमेरिकी पद्धतीत के-टाइपची धन तार पिवळी आणि लाल तार ऋण असते, तर आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत धन हिरवी आणि ऋण पांढरी असते. लाल म्हणजे धन या सवयीने जोडणाऱ्याची इथे हमखास चूक होते. सुट्या तारा हाती असतील तर लोहचुंबक जवळ न्यावा: किंचित ओढली जाणारी तार अ‍ॅल्युमेलची, म्हणजे ऋण असते.

सर्वांत फसवा दोष कॉम्पेन्सेटिंग केबल, म्हणजे थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंत जाणारी खास केबल, दोन्ही टोकांना उलटी लागल्याचा. एकच टोक उलटे असेल तर भट्टी तापताना आकडा खाली जातो आणि चूक लगेच दिसते. दोन्ही टोके उलटी असली की आकडा वरच जातो, कोणालाही शंका येत नाही, पण तो कमी दाखवला जातो; आणि ही तूट थर्मोकपलच्या डोक्याचे (जिथे केबल त्याला जोडली जाते त्या जागेचे) तापमान व पॅनेलचे तापमान यांच्या फरकाच्या साधारण दुप्पट असते. डोके ७० अंशांवर आणि पॅनेल ४० वर असेल तर भट्टी सुमारे ६० अंशांनी थंड दिसते, आणि चालवणारा ती तेवढी जास्त तापवत राहतो.

ही तपासणी केबल दोन्ही बाजूंनी सोडवूनच होते. केबलच्या भट्टीकडील टोकाच्या दोन तारा एकत्र पिळून त्यांना बोटांनी किंवा कोमट पाण्याने ऊब द्यावी, पॅनेलकडील टोकाला निर्देशक लावून धन तार कोणती ते पाहावे आणि तिला चिठ्ठी चिकटवावी. त्याच तारेचे भट्टीकडील टोक कंटिन्युइटी पाहून ओळखावे आणि तिथेही तशीच चिठ्ठी लावावी. मग थर्मोकपलच्या धन टोकाला तीच तार, आणि पॅनेलच्या धन स्क्रूला तिचेच दुसरे टोक जोडावे.